स्प्रेडशीटच्या युगात हातच्या हिशेबाचे मोल

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूर मार्गावर भनपुरी हे औद्योगिक क्षेत्र आहे. तेथून पुढे उरला आणि सिलतरा लागतात. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांबरोबरच या पट्ट्यात राइस मिलही आहेत आणि खरिपाची खरेदी सुरू झाली की धानाने भरलेल्या गाड्या रांगेने उभ्या राहतात. शेतकऱ्याच्या खळ्यापासून सहकारी समितीच्या काट्यापर्यंत, काट्यापासून राइस मिलपर्यंत आणि मिलमधून तांदूळ होऊन शासकीय गोदामापर्यंत जाणारे हे धान वाटेत अनेकदा मोजले जाते. छत्तीसगडमधील धानखरेदी अनेक वर्षांपासून संगणकीकृत आहे. नोंदणी, टोकन, वजन, देयक हे सारे पडद्यावर दिसते. अशा व्यवस्थेत हाताने कॅल्क्युलेटर चालवणारा, त्याहीपेक्षा तोंडी हिशेब करणारा माणूस कालबाह्य झाला, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज तपासून पाहण्याची गरज आहे, कारण त्याची किंमत शेवटी शेतकऱ्याला मोजावी लागते.

रायपूरचे उदाहरण मराठी वाचकाला परके नाही. १९५६ पर्यंत रायपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते व त्याची राजधानी नागपूर होती. गोंदिया आणि रायपूर आजही हावडा-मुंबई लोहमार्गाने जोडलेले आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतील धान उत्पादकाचे प्रश्न छत्तीसगडच्या शेतकऱ्यापेक्षा फारसे वेगळे नाहीत. कट्टा, काटा, ओलावा, भरडाई आणि चुकारा या पाच शब्दांभोवतीच दोन्हीकडचा हंगाम फिरतो. म्हणून भनपुरीच्या वाटेवरील आकडेमोड पूर्व विदर्भातील विस्तार कार्यकर्त्यालाही तितकीच लागू पडते.

काट्यापासून गिरणीपर्यंतचे आकडे

२०२३-२४ च्या हंगामात छत्तीसगड शासनाने एकरी २१ क्विंटल मर्यादेपर्यंत धान खरेदी केले आणि शेतकऱ्याला क्विंटलमागे एकूण ३,१०० रुपये दिले. त्या वर्षी सर्वसाधारण धानाची किमान आधारभूत किंमत २,१८३ रुपये होती. दोहोंतील ९१७ रुपयांचा फरक नंतर स्वतंत्रपणे देण्यात आला आणि तो एकरी १९,२५७ रुपये झाला. हा आकडा पडद्यावर पाहून मान डोलावणे सोपे आहे. मात्र ज्याला हिशेबाची सवय आहे, तो मनात म्हणतो : नऊशे गुणिले एकवीस म्हणजे १८,९००, सतरा गुणिले एकवीस म्हणजे ३५७, बेरीज १९,२५७. दहा सेकंदांत आकडा पटतो. पटलेला आकडा आणि नुसता दिसलेला आकडा यांत मोठे अंतर आहे.

धानाचा कट्टा ४० किलोचा. क्विंटलचे कट्टे काढायचे तर अडीचने गुणावे लागते. २१ क्विंटलचे साडेबावन्न कट्टे होतात. अडीच एकरांच्या शेतकऱ्याची मर्यादा साडेबावन्न क्विंटल, म्हणजे १३१ कट्टे आणि वर १० किलो. आता प्रत्येक कट्ट्यात ४० किलोऐवजी साडेचाळीस किलो धान भरले गेले, असे समजा. अर्धा किलो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण १३१ कट्ट्यांवर तो साडेपासष्ट किलो होतो आणि ३१ रुपये किलोने त्याचे २,०३० रुपये होतात. संगणकातील पावतीवर मात्र कट्ट्यांची संख्या बरोबर असेल, दर बरोबर असेल आणि गुणाकारही निर्दोष असेल. चूक पावतीत नाही, पावतीला पुरवलेल्या आकड्यात आहे. ती काट्याजवळच, कट्टा शिवला जाण्यापूर्वी लक्षात आली तरच तिचा उपयोग. दुसऱ्या दिवशी समितीच्या कार्यालयात केलेला बिनचूक हिशेब ते साडेपासष्ट किलो परत आणत नाही.

ओलाव्याचा हिशेब तर याहून फसवा आहे. शासकीय खरेदीत धानातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. शेतकऱ्याजवळ २० टक्के ओलाव्याचे १०० क्विंटल धान असेल, तर ते वाळवून १७ टक्क्यांवर आणल्यावर किती उरेल? बहुतेकांचे उत्तर ९७ क्विंटल असे येते, कारण वीसमधून सतरा गेले, तीन उरले. हे उत्तर चुकीचे आहे. वाळवताना फक्त पाणी जाते, कोरडा भाग तेवढाच राहतो. १०० क्विंटलमध्ये कोरडा भाग ८० क्विंटल होता. वाळल्यावर हाच ८० क्विंटल एकूण वजनाच्या ८३ टक्के असायला हवा. म्हणून ८० भागिले ८३ गुणिले १००, म्हणजे ९६.३९ क्विंटल. अपेक्षेपेक्षा सुमारे ६१ किलो कमी. ३,१०० रुपये दराने हा फरक १,८९० रुपयांच्या आसपास जातो. हे ज्याला ठाऊक नाही, तो घट पाहून मजुरावर, काट्यावर किंवा शेजाऱ्यावर संशय घेतो. ज्याला ठाऊक आहे, तो कॅल्क्युलेटरवर तीन कळा दाबून आपली घट आधीच जाणतो आणि संशय घ्यायचाच झाला तर योग्य ठिकाणी घेतो.

पुढचा टप्पा भरडाईचा. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानामागे कच्चा तांदूळ ६७ किलो आणि उकडा तांदूळ ६८ किलो द्यावा लागतो. गिरणीला २९० क्विंटल कच्चा तांदूळ द्यायचा असेल, तर किती धान उचलावे? ६७ टक्के म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश, म्हणून तांदळाची दीडपट करावी : ४३५ क्विंटल. नेमके उत्तर ४३२.८४ क्विंटल आहे. अजमास दोन क्विंटलांनी चुकला, पण त्याने मोठे काम केले. एखाद्याने स्प्रेडशीटच्या सूत्रात भागाकाराऐवजी गुणाकार लिहिला, तर तेथे १९४.३ हा आकडा दिसेल. संगणकाला त्यात काहीच वावगे वाटणार नाही. दीडपटीचा अजमास मनात असलेला माणूस मात्र तत्काळ थांबेल. तांदळापेक्षा धान कमी कसे, हा साधा प्रश्न त्याला पडेल.

स्प्रेडशीट कोठे फसते

स्प्रेडशीटची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी तयार केलेल्या व्हिसिकॅल्कने हिशेबनिसांचे जगच बदलले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलतात, ही सोय कोणत्याही खतावणीत नव्हती. पाचशे शेतकऱ्यांच्या नोंदी, दहा वर्षांच्या पर्जन्यमानाची सरासरी किंवा वाणांच्या तुलनात्मक चाचण्यांचे विश्लेषण कॅल्क्युलेटरवर करू पाहणे हा वेळेचा अपव्यय होय.

तथापि, स्प्रेडशीट गणितात सहसा चुकत नाही. ती फसते ती माणसाने भरलेल्या आकड्यात, लिहिलेल्या सूत्रात आणि निवडलेल्या रकान्यांत. अर्थशास्त्रज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० मधील सार्वजनिक कर्जावरील निबंधाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याचे आकडे २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने पुन्हा मांडून पाहिले, तेव्हा इतर आक्षेपांबरोबरच सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटून गेल्याचे उघड झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या सुमारे सोळा हजार रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नव्हती. जनुकांच्या नावांची एक्सेलने परस्पर तारखा करून टाकल्यामुळे काही मानवी जनुकांची अधिकृत नावेच २०२० मध्ये बदलावी लागली.

शेतीच्या नोंदींत असा धोका दूरचा नाही. खसरा क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक १२/३ असा टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. सुरुवातीला शून्य असलेला खाते क्रमांक ते शून्य गमावतो. पंधरापेक्षा अधिक अंकांचा क्रमांक संख्या म्हणून भरला, तर शेवटच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. यांपैकी कोणत्याही प्रसंगी पडद्यावर लाल अक्षरांत इशारा उमटेलच असे नाही. नीटनेटक्या चौकटी, ठळक मथळे आणि दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे पाहून वाचणाऱ्याचा विश्वास मात्र वाढतो. स्प्रेडशीटचे खरे संकट हेच आहे : तिच्यातील चूकही बरोबर उत्तरासारखीच दिसते.

वेग कशासाठी?

येथे एक प्रश्न रास्त आहे. पडताळणी हवी हे मान्य, पण ती भरभर का करावी? सावकाश केली तर काय बिघडले?

याचे उत्तर प्रत्यक्ष व्यवहारात आहे. जो ताळा करायला वेळ लागतो, तो बहुधा केलाच जात नाही. काट्यामागे गाड्यांची रांग असते. कृषी सेवा केंद्रावर चार माणसे मागे उभी असतात. शेतीशाळेत पंचवीस शेतकरी प्रश्न विचारत असतात आणि फवारणीचा माणूस पंप खांद्यावर घेऊन थांबलेला असतो. अशा वेळी ज्याला हिशेबाला पाच मिनिटे लागतात, तो संकोचाने गप्प राहतो आणि समोरच्याने सांगितलेला आकडा मान्य करतो. ज्याला अर्धा मिनिट लागतो, तो विचारतो. वेगामुळे उत्तर अधिक बरोबर येते असे नाही. वेगामुळे पडताळणी स्वस्त होते, आणि स्वस्त असलेली गोष्टच माणूस रोज करतो.

फवारणीचे उदाहरण घ्यावे. एखाद्या कीटकनाशकाची मात्रा हेक्टरी ३०० मिली, पाणी ५०० लिटर. लिटरला ०.६ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ९ मिली. ताळा असा : ५०० लिटरला सुमारे ३३ पंप लागतात, ३३ गुणिले ९ म्हणजे जवळपास ३००. जमले. आता कोणी हीच ३०० मिली मात्रा चुकून एकरी समजला आणि २०० लिटर पाण्याला धरली, तर पंपाला साडेबावीस मिली पडतील, म्हणजे अडीचपट औषध. त्यामुळे खर्च वाढतो, पिकाला अपाय होऊ शकतो, अवशेषांचा प्रश्न येतो आणि फवारणाऱ्याच्या आरोग्याचाही. शेताच्या बांधावर स्प्रेडशीट उघडून बसणारा कोणी नसतो. तेथे खिशातील यंत्र आणि डोक्यातील हिशेब एवढेच उपयोगी पडते.

खताचेही तसेच. धानाला हेक्टरी १०० किलो नत्र व ५० किलो स्फुरद द्यायचे असेल आणि स्फुरद डीएपीतून द्यायचे असेल, तर १०८.७ किलो डीएपी लागते. त्यातून १९.६ किलो नत्रही मिळते. उरलेल्या ८०.४ किलो नत्रासाठी सुमारे १७५ किलो युरिया लागतो. नत्राच्या दुपटीत त्याचा सहावा भाग मिळवला की युरियाचे वजन जवळपास येते, हा सोपा आडाखा आहे. आता गोण्या किती? २०१८ पासून युरियाची गोणी ५० किलोऐवजी ४५ किलोची आहे. जुन्या सवयीने ५० ने भागणारा साडेतीन गोण्या सांगतो, प्रत्यक्षात जवळजवळ चार लागतात. साडेतीन गोण्यांत हेक्टरी सुमारे आठ किलो नत्र कमी पडते. जुनी स्प्रेडशीट वर्षानुवर्षे तशीच पुढे पाठवली गेली असेल आणि तिच्या एखाद्या रकान्यात ५० हा आकडा दडून बसला असेल, तर ही चूक दर हंगामात, दर गावात होत राहील. हाताने एकदा हिशेब करून पाहणाराच ती पकडू शकतो.

कॅल्क्युलेटर हेही शिकण्याचे यंत्र आहे

कॅल्क्युलेटर चालवायला शिकावे लागत नाही, हा आणखी एक गैरसमज आहे. दुकानात मिळणारे साधे यंत्र आणि मोबाइलमधील कॅल्क्युलेटर यांची कार्यपद्धती एकच नसते. युरियाच्या तीन गोण्या आणि डीएपीच्या दोन गोण्या यांचे एकूण वजन काढायचे आहे. ३ × ४५ + २ × ५० असे ओळीने दाबले, तर मोबाइलवर सहसा २३५ हे बरोबर उत्तर येते. साध्या यंत्रावर ६,८५० येते, कारण ते गुणाकाराला प्राधान्य देत नाही, कळा दाबल्या त्या क्रमाने हिशेब करते. १३५ मध्ये २ मिळवून त्याला ५० ने गुणते. साध्या यंत्रावर योग्य रीत अशी : ३ गुणिले ४५, एम प्लस; २ गुणिले ५०, एम प्लस; मग एमआर. स्मृतीच्या या कळा दहा मिनिटांत शिकता येतात, परंतु वर्षानुवर्षे कॅल्क्युलेटर वापरणारे अनेक जण त्यांना हात लावत नाहीत आणि मधली उत्तरे कागदावर उतरवत बसतात. उतरवतानाच आकड्यांची अदलाबदल होते. टक्क्याची कळही सर्व यंत्रांवर सारखी चालत नाही. नवे यंत्र हाती आले की शंभरात पाच टक्के मिळवून ते काय दाखवते, हे आधी पाहून घ्यावे.

जलद टंकनाप्रमाणेच कॅल्क्युलेटरवरही बोटांची जागा ठरलेली असते. पाचाच्या कळीवर बहुतेक यंत्रांत एक बारीक उंचवटा असतो. मधले बोट तेथे ठेवले की तर्जनी चारवर आणि अनामिका सहावर येते. मग नजर यंत्रावर न राहता कागदावर राहते. हे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक चुका नजर कागद आणि यंत्र यांच्यात सतत ये-जा करते तेव्हाच घडतात. मोबाइलच्या सपाट काचेवर बोटाला अशी खूण सापडत नाही. ज्याला रोज शंभर पावत्यांची बेरीज करायची आहे, त्याने कळांचे यंत्र वापरणे म्हणूनच शहाणपणाचे. अनेक यंत्रांत केलेला हिशेब पायरी-पायरीने पुन्हा तपासण्याची सोयही असते.

लांब बेरजेची पडताळणी करण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे : एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दोन्ही उत्तरे जुळली तर ठीक. जुळली नाहीत, तर त्यांतील फरकाला नऊने भागून पाहावे. नि:शेष भाग गेला, तर बहुधा शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली आहे. ३८.४० ऐवजी ३४.८० दाबले गेले असेल, तर फरक ३.६० येतो आणि ३६० ला नऊने भाग जातो. दशांशचिन्ह एका घराने सरकले तरीही नऊचा नियम लागू पडतो. ३८.४ ऐवजी ३८४ भरले गेल्यास फरक ३४५.६ येतो, त्याला नऊने भागले की मूळचा ३८.४ हातात येतो. चूक आहे एवढेच नव्हे, तर ती कोणत्या ओळीत आहे हेही हा भागाकार सांगतो. जुन्या पेढ्यांवरील दिवाणजींना अवगत असलेली ही युक्ती स्प्रेडशीटमधील चूक शोधतानाही तितकीच कामाला येते.

पावकी-दिडकीचा वारसा

मराठी समाजाला हा विषय नवा नाही. एके काळी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेतल्या जात. अपूर्णांकांचे पाढे मुलांच्या तोंडी असणे ही व्यवहाराची गरज होती. पैसा, पायली, शेर, मण यांचा व्यवहार पाव-अर्धा-पाऊणच्या भाषेतच चालत असे. दशमान पद्धती आली, तसे हे पाढे मागे पडले. त्यात काही अंशी तथ्यही होते. पण वर पाहिलेले हिशेब पुन्हा पाहावेत. क्विंटलचे कट्टे म्हणजे अडीचकी. हेक्टरचे एकर म्हणजे स्थूलमानाने पुन्हा अडीचकीच. तांदळावरून धान म्हणजे दिडकी. आजच्या संगणकीकृत धानखरेदीचे निम्मे अजमास दोन विसरलेल्या पाढ्यांत बसतात.

मापांची गुंतागुंतही अद्याप संपलेली नाही. छत्तीसगडमध्ये जमीन एकर आणि डिसमिलमध्ये बोलली जाते. एक डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. महाराष्ट्रात गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. म्हणजे ४० गुंठे एक एकर होतात, ४० आर जवळजवळ एक एकर होतात, पण ४० डिसमिल म्हणजे एकराचे जेमतेम दोन पंचमांश. सीमेपलीकडे जमीन कसणाऱ्या किंवा तेथील आकडेवारी वापरणाऱ्या कार्यकर्त्याने केवळ ४० हा अंक वाचला आणि माप वाचले नाही, तर एकरी २१ क्विंटलच्या हिशेबाने ८.४ क्विंटलच्या जागी २१ क्विंटल येतील. स्प्रेडशीटच्या रकान्याला माप नसते, केवळ अंक असतो. माप माणसाच्या डोक्यात असावे लागते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत त्रैराशिकाला जे स्थान आहे, त्याचे कारण हेच. तीन गोष्टी माहीत, चौथी काढायची : खताची मात्रा, फवारणीचे प्रमाण, बियाणे, मजुरी, भरडाई हे सारे त्रैराशिकच आहे. ज्याला त्रैराशिक मांडता येते, त्याला कोणतेही यंत्र चालते. ज्याला येत नाही, त्याला सर्वांत महागडे यंत्रही केवळ आकडे दाखवते.

जुन्या आणि नव्या साधनांचे नाते कसे असावे, याचा धडा जपानमध्ये सापडतो. नोव्हेंबर १९४६ मध्ये टोकियोत सोरोबान, म्हणजे जपानी मणिचौकट, आणि विजेवर चालणारे अमेरिकी गणनयंत्र यांचा जाहीर सामना झाला. त्यात टपाल खात्यातील कियोशी मात्सुझाकी यांनी सोरोबानवर ४-१ असा विजय मिळवला. मात्र गुणाकारात यंत्र सरस ठरले. पुढे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आले, तेव्हा शार्प कंपनीने एका अंगाला कॅल्क्युलेटर आणि दुसऱ्या अंगाला सोरोबान असे जोडयंत्रही विकले. नव्या साधनावर काम करावे आणि ओळखीच्या साधनावर त्याचा ताळा पाहावा, ही त्यामागची समजूत आजही उपयोगी आहे.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हाताने केलेला हिशेब मागे काही ठेवत नाही. स्प्रेडशीटमध्ये मात्र प्रत्येक आकडा नोंदला जातो आणि पुन्हा तपासता येतो. आक्षेप खरा आहे. म्हणूनच नोंद स्प्रेडशीटमध्येच व्हावी. हातचा हिशेब हा नोंदीला पर्याय नाही, ती नोंद मान्य करण्यापूर्वीची चाळणी आहे.

दुसरा आक्षेप असा की, मोबाइलवरील अॅप खताची मात्रा, फवारणी, उत्पादनाचा अंदाज सर्व काही सांगते. सांगते हे खरे. पण अॅपला हेक्टर दिले की एकर, हे अॅपला कळत नाही. भाताच्या पीककापणीसाठी ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा घेतला, तर तो हेक्टरचा चारशेवा भाग होतो. त्यातून निघालेल्या किलोंना चारने गुणले की हेक्टरी क्विंटल मिळतात. ९.६ किलो म्हणजे हेक्टरी ३८.४ क्विंटल. हा चारचा पाढा ज्याच्या तोंडी आहे, त्याला अॅपमधील ३८४ किंवा ३.८४ तत्काळ खटकेल. पीक विम्याचा निर्णय अशा आकड्यांवर अवलंबून असतो, तेव्हा हे खटकणे फार मोलाचे असते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हिशेब तपासण्याचा भार शेतकऱ्यावर का टाकावा? व्यवस्था प्रामाणिक आणि बिनचूक असणे ही व्यवस्थेची जबाबदारी नव्हे काय? निश्चितच आहे. हिशेब येतो म्हणून कोणाची फसवणूक माफ होत नाही. परंतु जेथे मोजणारा आणि मोजून देणारा यांच्यापैकी एकालाच हिशेब येतो, तेथे विश्वास हा एकतर्फीच राहतो. दोघांनाही येत असेल, तर प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही त्याचा लाभ होतो, कारण त्याच्यावर विनाकारण संशय घेतला जात नाही. ओलाव्याच्या घटीचे उदाहरण त्यासाठीच लक्षात ठेवावे.

काय करता येईल

यासाठी मोठी योजना किंवा वेगळा निधी लागत नाही. कृषी विज्ञान केंद्रे, आत्मा आणि कृषी विद्यापीठे यांच्या नियमित प्रशिक्षणांत हिशेबाचा एक तास ठेवता येईल. त्यात व्याख्यान नसावे. प्रत्येकाच्या हाती यंत्र असावे आणि समोर त्याच्याच शेताचे आकडे असावेत. स्मृतीच्या कळा, टक्क्याची पारख, ओलाव्याचे सूत्र, हेक्टर-एकराचे रूपांतर आणि फवारणीचा ताळा एवढे पाच विषय पुरेसे आहेत. बचत गटांच्या महिला सदस्य अनेक गावांत हिशेबाच्या वह्या काटेकोरपणे सांभाळतात. अशा तासासाठी मार्गदर्शक शोधायला दूर जाण्याचे कारण नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक साधा नियम सुचवता येईल : स्प्रेडशीटमधील उत्तर पाहण्यापूर्वी अंदाज लिहून ठेवावा. उत्तर अंदाजाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल, तर पुढे जावे. नसेल, तर अंदाज चुकला की सूत्र चुकले, हे शोधल्याशिवाय तक्ता कोणाकडे पाठवू नये. दुसऱ्याकडून आलेला तक्ता वापरण्यापूर्वी त्यातील एक ओळ हाताने करून पाहावी. खसरा, सर्व्हे आणि खाते क्रमांकांचे रकाने आधीच मजकूर म्हणून ठरवून घ्यावेत. खरेदी हंगामापूर्वी प्रत्येक समितीच्या फलकावर कट्टे, क्विंटल आणि रुपये यांचा तयार तक्ता लावला, तर काट्याजवळच्या निम्म्या शंका जागीच मिटतील.

प्रगतिशील शेतकऱ्याने आपल्या घरातील मुलांना मोबाइलबरोबर अडीचकी आणि दिडकीही शिकवावी. पाठांतराचे कौतुक म्हणून नव्हे, तर घरात आलेली प्रत्येक पावती वाचून दाखवण्याच्या कामासाठी. आकड्याला प्रश्न विचारण्याची सवय लहानपणी लागली, तर पुढे ती कोणत्याही यंत्राबरोबर टिकते.

भनपुरीच्या राइस मिलमध्ये येणाऱ्या प्रत्येक कट्ट्यामागे एका शेतकऱ्याचे चार महिन्यांचे श्रम असतात. त्या कट्ट्याचे वजन, ओलावा, दर आणि उतारा यांचा अंतिम हिशेब संगणकातच व्हावा, यात वाद नाही. मात्र तो हिशेब मान्य करणारी सही माणसाची असते. सही करणाऱ्याच्या बोटांना आणि डोक्याला हिशेबाची सवय असेल, तरच त्या सहीला अर्थ राहतो. स्प्रेडशीट किती वेगाने उत्तर देते, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. ते उत्तर योग्य आहे किंवा नाही हे तितक्याच वेगाने ठरवणारी माणसे गावोगाव तयार करणे, हे विस्तार सेवेचे आजचे काम आहे.